कॉक्लियर इम्प्लांटवर (ऐकू न येणाऱ्यांच्या आतल्या कानात बसवलेल्या, श्रवणनसेला विद्युत-स्पंद देणाऱ्या यंत्रावर) सूर का ओळखू येत नाहीत?

स्विच-ऑननंतर, म्हणजे ऑपरेशननंतर मशीन पहिल्यांदा सुरू केल्यावर, बोलणं समजायला लागलं, पण गाणं बेसूर वाटतं, म्हणून मशीन बिघडलंय असं समजू नका. प्रोसेसर (बाहेर लावायचा भाग) आवाजाचे खालच्या ते वरच्या सुरांनुसार पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्यातल्या जोराचा फक्त चढउतार घेतो आणि तो ठरावीक वेगाच्या, कंपनीनुसार सेकंदाला साधारण 900 किंवा त्याहून जास्त, विद्युत-स्पंदांवर चढवतो. सुराची बारीक कंपनं तिथेच गळतात. हे स्पंद कानात सोडणारे इलेक्ट्रोड कंपनीनुसार फक्त 12 ते 22. शिवाय प्रवाह आजूबाजूला पसरतो, त्यामुळे शेजारचे दोन इलेक्ट्रोड एकमेकांत मिसळतात. सा आणि कोमल रे बऱ्याचदा एकाच पट्ट्यात पडतात. स्पंदांच्या लयीवरून सूर कळतो, पण साधारण 300 हर्ट्झपर्यंतच.

ऑडिओलॉजिस्टला विचारा: माझी स्ट्रॅटेजी (आवाजाचे स्पंद करायची पद्धत) कोणती? खालच्या पट्ट्यांत बारीक कंपनं पाठवणारा पर्याय माझ्या मशीनमध्ये आहे का? संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागा, त्यात नॉइज रिडक्शन बंद. हे फार महत्त्वाचं, कारण तानपुऱ्यासारखा अखंड आवाज मशीन गोंगाट समजून दाबतं.

सराव तबल्यापासून करा, लय नीट कळते. मग पेटीवर मंद्र सा आणि तार सा, नंतर सा-प, सा-ग. दुसऱ्या कानात थोडं ऐकू येत असेल तर तिथलं श्रवणयंत्र काढू नका. खालचे सूर तोच कान देतो.