अराजक आणि जुलूमशाही यांत नेमका फरक काय? दोन्हींतलं कमी वाईट कुठलं?

मी मालवणचा, घरात रापणीचा धंदा. तुमच्या प्रश्नाकडे मी किनाऱ्यावरून बघतो, म्हणून उत्तरही तिथलंच देतो.

राजा नसला की अराजक आणि राजा माजला की जुलूम, असं साधारण सांगितलं जातं. मला ते पटत नाही. रापणीवर कुठे कोण राजा असतो? होडीतून जाळं सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचे, मिळेल त्या मासळीचे ठरल्याप्रमाणे वाटे घालायचे. नारळी पौर्णिमेआधी दर्यात होडी घालायची नाही, हे सरकारची पावसाळी बंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून पाळलं जातं. धनी नाही, पण नियम आहे आणि तो दांडग्यालाही लागू आहे. याला अराजक म्हणता येणार नाही.

अराजक बघायचं तर रात्री समुद्राकडे बघा. एका नौकेवर जनरेटर आणि प्रखर दिवे असतात. उजेडाला मासळी गोळा झाली की दुसरी नौका पर्ससीन जाळ्याने वेढा घालून सगळी उचलते. सकाळी आमच्या रापणीत काही उरत नाही. राज्याने २०१६ साली पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला केंद्राने २०१७ साली बंदी घातली. म्हणजे सरकार आहे, कायदाही आहे. पण गस्त पोचेपर्यंत दिवे विझलेले असतात. महाभारतात शांतिपर्वात भीष्म हेच सांगतात: शिक्षा करणारा राजा नसेल तर पाण्यातल्या माशांसारखं बलवान दुर्बळांना गिळतील. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पर्ससीनवाला बहुधा आमच्याच किनाऱ्यावरचा, कर्ज काढून नौका घेतलेला असतो. मी थांबलो तर दुसरा मारून नेईल, ही धास्ती त्यालाही झोपू देत नाही. कोणी मुद्दाम दुष्टपणा न करताही सगळे मिळून समुद्र ओरबाडतात.

जुलूमशाहीची तऱ्हा वेगळी. तिथे नियम भरपूर असतात, फक्त ते जमीन कसणाऱ्या कुळांना बांधतात, गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताला नाही. कोकणात पिढ्यान् पिढ्या हेच चाललं. भात कुळाने पिकवायचं, त्यातला अर्धा वाटा खोताच्या घरी पोचवायचा, वर वेठ. खारपाटातले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतले, बांध फुटले तर चिखलात उतरून तेही कुळांनीच बांधायचे. ‘नाही’ म्हणाल तर जमीन जाईल. दाद मागायची कोणाकडे? गावात शेवटचा शब्द खोताचाच.

गरिबाच्या पदरी दोन्हीकडे सारखंच पडतं, त्याला दाद मागायला जागा राहत नाही. तरीही मला मोठा वाटणारा फरक हा, की जुलमाला नाव-गाव असतं. कोणाविरुद्ध उभं राहायचं ते कळतं. अलिबागजवळच्या चरीत शेतकरी पुढारी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी १९३३ साली संप केला आणि १९३९ पर्यंत जमिनी पडीक ठेवल्या. लाकडं तोडून, मासे-चिंबोऱ्या पकडून माणसं जगली, पण नांगर धरला नाही. सहा वर्षं! १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं आणि १९४९ च्या कायद्याने ती एकदाची गेली.

अराजकाशी असा संप करता येत नाही. आम्ही मासेमारी थांबवली तर अडणार कोणाचं? उलट दुसऱ्यांना रान मोकळं.

म्हणून दोन्हींतलं कमी वाईट कुठलं, याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. जुलूम आज जास्त जाचतो, अराजकाशी लढणं जास्त अवघड. पण अराजकाला कंटाळून ‘एक कडक माणूस आणा, तो सरळ करील’ असं बोलायला लागणाऱ्यांची मला सर्वांत जास्त भीती वाटते. हल्ली हे बंदरावरही ऐकू येतं. खोत तरी कुठून आले? ओसाड पडलेली गावं वसवायला, जमीन लागवडीखाली आणायला आणि सारा गोळा करायला राज्यकर्त्यांनी नेमलेली ती माणसं. सोय म्हणून आलेला अधिकार वंशपरंपरेचा झाला, त्याला हिशेब विचारणारं कोणी उरलं नाही, आणि तो काढायला कोकणाला केवढी किंमत मोजावी लागली.

आम्हाला असा माणूस नकोय. रात्री खरोखर फिरणारी गस्ती नौका हवी, प्रत्येक नौकेचा परवाना तपासला जायला हवा, पकडलेल्या नौकेवरची कारवाई मधेच थांबता कामा नये, आणि ती थांबवणाऱ्या अधिकाऱ्यालाही जाब विचारता यायला हवा. यातली शेवटची मागणी निवेदनातून बहुतेक वेळा गळते. माझ्या मते तीच पहिली लिहायला हवी.