घूमजाव, कोलांटउडी आणि ते ३६० अंश

प्रश्न असा आहे : आधी युद्धाला पाठिंबा देऊन नंतर विरोध करणाऱ्या (किंवा उलट) नेत्याने ‘घूमजाव केले’ म्हणायचे, ‘घूमजाव केला’ म्हणायचे, की सरळ ‘यू-टर्न घेतला’? आणि ‘ते युद्ध झालेच नसते तर’ अशा कल्पित इतिहासाला मराठीत काय म्हणावे?

आधी ३६० अंशांचं निस्तरू. ‘अमक्यांची भूमिका ३६० अंशांत बदलली’ हे ऐकून कान किटले आहेत. ३६० अंश फिरलेला माणूस पुन्हा होता त्याच दिशेला तोंड करून उभा असतो. विरुद्ध दिशेला तोंड व्हायला १८० अंश पुरतात. ३६० लागतात ते कोलांटउडीला : डोकं खाली, पाय वर, आणि अखेर पुन्हा पायांवर, तोंड पूर्वीच्याच दिशेला. म्हणून बरीच उलथापालथ करून शेवटी मूळ मतावरच आलेल्यासाठी ‘कोलांटउडी’ राखून ठेवावी. वर्तमानपत्रं ती घूमजावच्या अर्थाने सर्रास वापरतात, ते चूकच.

आता घूमजाव. हा ‘यू-टर्न’साठी पाडलेला प्रतिशब्द आहे असं सांगणारे जाणकार भेटतात. त्यांनी शब्द उघडून पाहिलेलाच नाही. मराठीत आवाज घुमतो, पारवा घुमतो, अंगात आल्यावर माणूसही घुमतो. पण मागे तोंड करायचं तर तो वळतो किंवा फिरतो. मराठीतून प्रतिशब्द पाडला असता तर त्यात ‘घूम’ आलाच नसता. पुढचा ‘जाव’ तर आणखी बोलका. आपला आज्ञार्थ ‘जा’. ‘जाव’ हे हिंदुस्तानी ‘जाओ’चं आपल्या कानाने टिपलेलं रूप. १९४२ चं ‘चले जाव’ आठवा, १९७१ चं ‘गरिबी हटाव’ आठवा. घूमजाव त्याच साच्यातला : अख्खी आज्ञाच उचलून आपण तिचं नाम केलं.

लिंगाचं उत्तर यातच आहे. घेराव, बचाव, पथराव यांतला ‘आव’ नाम बनवणारा प्रत्यय. ते शब्द पुल्लिंगी, म्हणून घेराव घातला. त्यांच्या ओळीत बसवून ‘घूमजाव केला’ म्हणणाऱ्यांना हा फरकच दिसलेला नाही. तोंडचा उद्गार नाम म्हणून वापरला की मराठी त्याला नपुंसकलिंगात टाकते : ‘तुझं ते नेहमीचं बघू’, ‘त्याचं येतो-येतो पुरे झालं’. म्हणून घूमजाव केले. या बाबतीत विकल्प देणारे कोश उगाच सैल सोडतात.

माझं मत असं की ही आज्ञा कवायतीतली. आज संचलनात ‘पीछे मुड’ ऐकू येतं, पण कृती डोळ्यांपुढे आणा. जवान थांबलेला असतो. उजवी टाच आणि डाव्या पायाचा चवडा यांवर उजवीकडून १८० अंश वळायचं, मग डावा पाय उजव्याशी आणून मिळवायचा. भार डाव्या टाचेवर राहिला की तोल जातो, डावीकडून वळलं की रांग बिघडते. म्हणजे तीन गोष्टी : जागच्या जागी, एका झटक्यात आणि हुकमावरून. यू-टर्न वाहनाचा, त्याला वेग कमी करावा लागतो, रुंदी लागते, वाटेत वळसा दिसतो.

या मापाने माणसं मोजा. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन १९१६ ची निवडणूक ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ या प्रचारावर जिंकले आणि २ एप्रिल १९१७ ला अमेरिकी काँग्रेसपुढे (तिथल्या संसदेपुढे) युद्धाची मागणी घेऊन उभे राहिले. पण मधल्या महिन्यांत जर्मन पाणबुड्यांचा अनिर्बंध मारा आणि झिमरमन तार (मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युतीचं आमिष दाखवणारा जर्मनीचा गुप्त संदेश) आडव्या आल्या होत्या. वळसा दिसतो, म्हणून हा यू-टर्न. अमेरिकी सिनेटर फुलब्राइट यांनी ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिन आखाताचा (व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मुभा देणारा) ठराव सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी पार करून दिला, १९६६ मध्ये व्हिएतनामवर उघड सुनावण्या घेतल्या आणि आपली चूक जाहीर कबूल केली. चूक कबूल केली की शब्द ‘मतपरिवर्तन’. तिथे घूमजाव लावणं अन्यायाचं.

सर्वांत जास्त अन्याय झाला तो २००४ चे अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार, सिनेटर जॉन केरी यांच्यावर. ‘८७ अब्ज डॉलरच्या बाजूने मी मत दिलं, मग विरुद्ध दिलं’ या अर्थाचं त्यांचं त्या वर्षीचं वाक्य हास्यास्पद ठरलं. प्रत्यक्षात मतदानं दोन होती. श्रीमंतांची करसवलत कापून इराक-अफगाणिस्तानचा खर्च भागवावा, या दुरुस्तीला त्यांचा पाठिंबा होता. ती फेटाळली गेल्यावर मूळ विधेयकाला विरोध. पाय जागचे हललेच नाहीत, तर घूमजाव कुठलं?

राहिला कल्पित इतिहास. ‘पर्यायी इतिहास’ हा शब्द मला नको वाटतो, कारण पर्याय निवडता येतो आणि घडून गेलेलं निवडता येत नाही. ‘जर-तरचा इतिहास’ म्हणा. व्याकरणात त्याचं घर तयारच आहे : संकेतार्थ, म्हणजे ‘असं झालं असतं तर’ सांगणारं क्रियापदाचं रूप. ‘विश्वासरावांना गोळी लागली नसती तर’ यातला ‘-ती’ आणि ‘ती येते’ यातला ‘ते’ दोन्ही संस्कृतच्या वर्तमानकालवाचक धातुसाधितातून आलेले. न घडलेलं सांगायला मराठी घडत असलेल्याचं रूप वापरते. इराकबद्दल ‘तेव्हा आत्ताची माहिती असती तर मी युद्धाच्या बाजूने मत दिलं नसतं’ असं म्हणणारा नेताही हेच रूप वापरतो, आणि बातमीत त्याचं भाषांतर ‘माहिती नसल्याने मत दिलं’ असं छापलं की संकेतार्थाचा स्वार्थ (व्याकरणातला, म्हणजे घडलेलं सरळ सांगणारं रूप) होतो.