तेरा वर्षांचा मुलगा टेनिस खेळतो, पायांत ताकद कमी पडते. रोज किती बैठका मारायला लावाव्यात?

आकडा मी सांगणार नाही. तुम्ही लिहिलंय, रोज ३ तास सराव, आणि रविवारी रिकव्हरी म्हणून पळायला पाठवता. आधी ते रविवारचं पळणं बंद करा. त्याला सुट्टी म्हणत नाहीत.

आम्ही लातूरचे. पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचा जिल्हा, घराघरात तालमीची भाषा. माझे थोरले बंधूही तालमीतले. माझं पोरगं साडेबारा वर्षांचं असताना वर्षभरात चार बोटं वाढलं आणि दुसऱ्या सेटला पाय ओढायला लागलं. दादा म्हणाले, मांड्यांत जोर नाही. पहाटे ३०० बैठका, संध्याकाळी कोर्ट. कोचनी होकार दिला, मीही मान डोलावली. दोन महिन्यांत ते भिंत धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना उतरायला लागलं. देवघरात गुडघे टेकवेना. वाटीच्या खाली सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. दादांचं एकच, "नाटकं करतंय." हाडाच्या डॉक्टरांनी टेंगळावर अंगठा दाबला तसं लेकरू कळवळलं. म्हणाले, ऑसगुड-श्लॅटर, वाढत्या वयातलं गुडघ्याखालचं दुखणं.

मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन नडगीला जिथे धरतो, तिथलं हाड या वयात कच्चं असतं. उंची झपाट्यानं वाढली की स्नायू ताणलेला राहतो आणि ती जागा ओढली जाते. टेनिसमध्ये पळण्यापेक्षा झेप घेऊन थांबण्याचाच मार जास्त. त्यावर खोल बैठका म्हणजे दुखऱ्या जागेलाच हिसके.

ताकद लागतेच. पण आठवड्यातून दोनदा पुरे: भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणं, एका पायावर टाच उचलणं, पायरीवरून एका पायानं सावकाश खाली येणं. दुखलं की थांबायचं. आठवड्याचा सराव मुलाच्या वयाच्या आकड्याएवढ्याच तासांचा ठेवा. तुमच्याकडे रविवार धरला नाही तरी १८ होतात. झोप ८ ते १० तास, म्हणजे पहाटेची हाक बंद.

दादांना एवढंच म्हणायचंय, तुमच्या तालमीत दुपारची सक्तीची झोप होती, मालिश होती, खुराक होता. घरी तुम्ही नुसता बैठकांचा आकडा आणलात. आणि त्या बैठका मारणारे तुम्ही तेव्हा बावीस वर्षांचे होतात, हाडं पक्की झालेली.

तुमच्या मुलाचं हेच असेल असं नाही. सांधा सुजला, ताप आला, रात्री दुखण्यानं जाग येत असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

पोरगं आता सोळाचं आहे. टेंगूळ हाताला लागतं, दुखत नाही. मागच्या रविवारी दादा त्याची मॅच बघायला आले होते. उठताना म्हणाले, बैठका सोडल्या नसत्या तर सर्व्हिस अजून जड पडली असती.