दोन्ही बाटल्या सारख्याच कशा लागल्या?

प्रश्न: शनिवारी आम्ही मित्र मुंढव्याला बसतो. माझी व्हीट बिअर ठरलेली, साडेचार टक्क्यांची. गप्पांत दोन-तीन ग्लास कधी संपतात कळत नाही. मेहुण्यांनी परदेशातून डुव्हेल आणि चिमे ब्लू या दोन बेल्जियन बिअर आणल्या. मला दोन्ही सारख्याच लागल्या, गोडसर आणि घशाला चटका देणाऱ्या. लोकांना यात फरक तरी काय कळतो?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: फ्रिजमधून काढून थेट मगमध्ये ओतल्यात ना? व्हीट बिअरला ते चालतं. चिमे ब्लू मात्र १० ते १२ अंशांवर प्यायची असते. बर्फगार असली की वास दबतो आणि चटकाच तेवढा उरतो. अर्धा तास बाहेर ठेवा. मगऐवजी ब्रँडीचा फुगीर ग्लास घ्या, तोही निम्माच भरा.

आणि घोट लहान घ्या, ही व्हीट बिअर नव्हे. चिमे ९ टक्क्यांची आहे. तिच्या ३३० मिलीत जेवढं अल्कोहोल, जवळजवळ तेवढंच तुमच्या साडेचार टक्केवालीच्या ६५० मिलीत. गप्पांच्या वेगाने प्यायलात तर दुसऱ्या ग्लासानंतर चव कळणार कोणाला?

आता फरक. डुव्हेल साडेआठ टक्क्यांची असूनही सोनेरी आणि कोरडी, कारण बनवताना घातलेली साखर यीस्ट फस्त करतं: अल्कोहोल वाढतं, अंगाने बिअर हलकीच राहते. भरपूर फेस, नासपतीसारखा वास, शेवटी हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा. चिमे गडद, तिच्यात खजूर, काळ्या मनुका, किंचित मसाला. म्हणून आधी डुव्हेल उघडा. उलट केलंत तर चिमेनंतर डुव्हेल नुसती कडू लागेल.

दोन्ही बाटल्यांच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, सावकाश ओता, शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. मेहुण्यांनी ढवळून ओतली असेल तर दोन्हींना पावाच्या पिठाचा वास आला असणार.

वाइन शॉपातल्या ‘स्ट्राँग’वरून मात्र यांना जोखू नका. त्या बहुतेक लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या साध्या चवीच्या बिअर असतात, आणि झटपट चढण्यापलीकडे त्यांच्याकडून कोणाची अपेक्षा नसते.

चिमेसोबत सुकं मटण फार छान लागतं. फरसाण नको, मिठाने जीभ मारली जाते.