ऑस्करसाठी घरीच गप्पी मासे वाढवता येतील का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात फ्लॅटमध्ये राहून ऑस्करच्या (टाकीत पाळतात तो मोठा, मासे खाणारा मासा) खाण्यापुरते गप्पी घरी वाढवता येतील का आणि किती टाक्या लागतील. येतील. दोन टाक्या पुरतात. मी धनकवडीत गच्चीवर हेच करतोय. पहिले तीन महिने मात्र हाताला काही लागत नाही, तेवढा धीर धरा.

मी या भानगडीत पडलो ते एका दुखण्यामुळे. आधी दर रविवारी दुकानातून पिशवीभर बारके मासे आणून थेट टाकीत सोडायचो. एकदा त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. हीटर ३० अंशांवर, पाण्यात मीठ, रोज थोडं पाणी बदल, असे दोन आठवडे गेले तेव्हा कुठे ऑस्कर वाचला. खाद्य म्हणून विकायचे मासे दाटीवाटीनं कोंबलेले असतात, त्यांच्या औषधपाण्याकडे कोण बघतो? आणि स्वस्त मिळाले म्हणून गोल्डफिश तर देऊच नका. त्यांच्या अंगात थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्वाची वाट लावतं.

गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी विते आणि एका खेपेला २० ते ४० पिल्लं देते. पोटाच्या मागचा डाग गडद झाला की दिवस भरत आले समजायचं. एकदा नराचा संग झाला की त्यावर ती पुढे कित्येक महिने वीत राहते, म्हणून सहा माद्यांना दोन नर पुष्कळ. पिल्लं खायला घालण्याजोगी व्हायला दोन-अडीच महिने जातात. आईच पिल्लं गिळते, त्यामुळे पिल्लांना लपायला जावा मॉस किंवा हायड्रिला अशी पाणवनस्पती चांगली दाट हवी. मी २०० लिटरचं निळं पिंप मधोमध कापून दोन टब केलेत. एकात माद्या, दुसऱ्यात पिल्लं. पिल्लं हलवायला चहाची जुनी गाळणी. (नवी वापरली तेव्हा घरात काय झालं ते विचारू नका.)

नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग घाला, क्लोरीन उडून जातो. बोअरचं जड पाणी, ज्यानं आपल्या केसांचं वाटोळं होतं, ते गप्पींना मस्त मानवतं. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीतली. रात्री पारा दहाच्या आसपास आला की विणं थांबतं आणि मासे मरतात. तेव्हा टब घरात आणि हीटर २५ वर. एप्रिलमध्ये उलट, अर्ध्या टबावर सावली.

खायला घालायच्या आदल्या दिवशी गप्पींना चांगलं चारा, ते शेवटी ऑस्करच्याच पोटात जातं. आणि आठवड्यातून दोनदाच द्या, एरवी माशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या. रोज जिवंत खाऊ मिळाला की हा गडी गोळ्यांकडे ढुंकूनही बघत नाही.

उघड्या टबांमुळे डास होतील अशी सोसायटीत कुरकुर झाली होती. पालिकेची माणसं तपासणीला आली, टबात बॅटरी मारली, गप्पी बघून हसत निघून गेली. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे त्यांच्याच भिंतींवर असतं ना! पिल्लं जास्त झाली तरी नदीत किंवा तळ्यात मात्र सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात.

सुरुवातीचे आठ मासे दुकानाऐवजी घरी पैदास करणाऱ्या कुणाकडून घ्या आणि तीन आठवडे वेगळे ठेवा. त्या काळात ऑस्करच्या टाकीची जाळी त्या टबात बुडवायची नाही.