सचिवांचा फोन आणि दीड लाखाचा कोर्स

प्रश्न : ताई, माझं वय २७. मेकॅनिकल झालोय, पण कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टला आहे. आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संस्थांत चालतं. सकाळ-संध्याकाळच्या पाळ्यांचं संकलन, पावती, दहा दिवसांचं बिल असं सगळं त्यात होतं. सकाळी सहापासून सचिवांचे फोन सुरू होतात. मला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय करायचं, काय नाही हे ठरवणारा. एक ऑनलाइन कोर्स बघितलाय, फी दीड लाख, प्लेसमेंटची हमी देतात. मित्र म्हणतो, कोल्हापुरात बसून हे जमत नाही, आधी पुणं गाठ. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तूर्त दोन्ही नको.

हमी कशाची आहे ते त्यांच्याकडून लेखी मागून घ्या. नोकरीची, की नुसत्या मुलाखतींची? कोर्समध्ये जे शिकवतात ते टाकाऊ नसतं. रोडमॅप (पुढच्या कामांचा आराखडा), बॅकलॉग (बाकी कामांची यादी), युजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या बाजूने मांडलेली गरज), कुठलं काम आधी घ्यायचं ते ठरवायच्या पद्धती, हे सगळं यायला हवंच. पण ते फुकटात वाचून महिन्याभरात समजतं. मी मुलाखती घ्यायला बसते तेव्हा कोर्स करून आलेली बरीच मुलं एखाद्या फूड डिलिव्हरी अ‍ॅपमध्ये काय सुधारणा करता येतील याचं प्रेझेंटेशन घेऊन येतात. सगळी एका छापाची. त्या अ‍ॅपच्या आतले आकडे त्यांनी पाहिलेले नसतात, ते रोज वापरणाऱ्या माणसाशी धड बोललेले नसतात आणि त्यांनी सुचवलेलं कधी कुणी बांधून पाहिलेलं नसतं. तुमच्याकडे आकडे आहेत, माणसं तर स्वतःहून फोन करतायत, आणि सॉफ्टवेअर लिहिणारा शेजारच्या टेबलावर बसतो. हे सोडून पुण्याला कशाला पळताय?

तुमचाच एक फोन घेऊ. सचिव म्हणतात, ‘पाळी बंद केल्यावर एन्ट्री दुरुस्त करायची सोय द्या की राव.’ सपोर्टचा माणूस लिहून घेतो, ‘एडिट ऑप्शन हवा’, आणि पुढे ढकलतो. प्रॉडक्टचं काम करणारा आधी विचारतो, दुरुस्ती लागतेच का? त्यासाठी एकदा पहाटे त्या संस्थेत जाऊन कोपऱ्यात उभे राहा. दारापर्यंत रांग, किटल्यांचा आवाज. सचिव एका हाताने नमुना मशीनला लावतोय, दुसऱ्या हाताने सभासद नंबर दाबतोय, आणि मधेच कुणीतरी मागच्या बिलाचं विचारतंय. १७ च्या जागी ७१ पडतो. पावती निघते, बाई ती न बघता पदराच्या गाठीला बांधून घरी जाते. घरी पोरगा वाचतो तेव्हा कळतं, दूध दुसऱ्याच्याच नावावर गेलंय. तोवर पाळी बंद.

म्हणजे दुखणं नंबर दाबताना आहे, दुरुस्तीची मागणी नंतर येते. एन्ट्री पक्की होण्याआधी सभासदाचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, किंवा कायम म्हशीचं दूध घालणाऱ्याच्या नावावर गाईचं पडलं की मशीनने आवाज केला, तर यातल्या बऱ्याच चुका जागीच सापडतील. (तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आधीच असेल तर दुसरा फोन घ्या. फोनांना तुमच्याकडे तोटा नाही.) उलट मागाहून फॅट, एसएनएफ (दुधातला स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक, ज्यांवर दर ठरतो) कुणालाही बदलता यायला लागलं, तर संस्थेच्या निवडणुकीच्या तोंडावर त्या एका बटणावरून गावात काय होईल, हे कोल्हापूरकराला मी सांगायला नको. दुरुस्ती द्यायचीच झाली तर कुणी, केव्हा, काय बदललं याची न पुसता येणारी नोंद हवी. मागितलेली गोष्ट न देता अडचण सोडवणं आणि ‘का देत नाही’ हे समोरच्याला पटवणं, या कामातला मोठा भाग हाच आहे.

तुमच्या धंद्यात आणखी एक गंमत आहे, ती मोठ्या शहरातल्या पोरांना पुस्तकातून शिकावी लागते. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं ते चेअरमन आणि संचालक मंडळ ठरवतं, वापरतो सचिव, आणि ज्याच्या पैशाचा हिशेब त्यात होतो तो उत्पादक पडद्याला हातही लावत नाही. चेअरमनना मोबाईलवर सगळ्या संस्थेचा आकडा दिसायला हवा असतो. सचिवाला रांग लवकर हलायला हवी. उत्पादकाला पावतीवर भरवसा हवा. तिघांचं एकाच वेळी भागत नाही. या वेळी कुणाचं आधी बघायचं आणि का, हे ज्याला मांडता येतं त्याला मी कोर्सचं सर्टिफिकेट विचारणार नाही.

आता कामाला लागा. गेल्या तीन महिन्यांचे फोन एक्सेलमध्ये घाला. कुठली संस्था, कुठली पाळी, तक्रार काय, सोडवायला किती वेळ गेला. वारंवार येणारी एकच तक्रार निवडा आणि तिच्यावर दोन पानं लिहा, मराठीत लिहिलीत तरी चालेल. त्रास कुणाला होतो, किती वेळा होतो, आपण काय बदलायचं, काय मुद्दाम करायचं नाही, आणि बदल लागू पडला हे कशावरून ओळखायचं. शेवटचं लिहायला लोक टाळतात. तुमच्या बाबतीत ते सोपं आहे : दर दहा दिवसांच्या बिलामागे एका संस्थेकडून दुरुस्तीचे किती फोन येतात, हा आकडा आधी आणि नंतर. लिहून झालं की डेव्हलपरला दाखवा. तो ‘हे दोन दिवसांचं काम’ म्हणेल किंवा हसेल. हसला तर का हसला ते समजून घ्या, त्यातून डेटाबेस कसा बांधलाय ते कळेल. जोडीला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिका, म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी त्याच्या मागे फिरावं लागणार नाही.

मग मालकांकडे जा. आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांत प्रॉडक्ट मॅनेजरचं काम बहुधा मालकच करतात, गिऱ्हाईक, बँक आणि जीएसटी सांभाळून उरलेल्या वेळात. त्यांच्याकडे पद मागू नका, मागाल तर आधी पगाराचा विषय निघेल. ‘पावतीचा भाग वर्षभर माझ्याकडे द्या, सपोर्टही बघतो’ असं म्हणा. माझ्या अनुभवात याला नाही म्हणणारे मालक कमी. आणि म्हणालेच, तर ती दोन पानं तुमच्याकडेच राहतात.

पुण्याला जरूर जा, पण दाखवायला एकदोन घडलेल्या गोष्टी झाल्यावर. इथे अशा जागा मोजक्या आहेत हे तुमच्या मित्राचं म्हणणं खरं आहे. इंग्रजीची भीती असेल तर पावतीची हीच गोष्ट इंग्रजीत पाच मिनिटांत सांगायचा सराव करा. बाकीचं इंग्रजी तिथे रोजच्या मीटिंगांत आपोआप सुटतं.

प्रश्न : मुलीला पुण्यातल्या एका नव्या कंपनीत असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून घेतलंय. हाताखाली किती माणसं, असं विचारलं तर म्हणाली, एकही नाही. हे कसलं मॅनेजर?
– निवृत्त शिक्षक, शाहूपुरी

उत्तर : सर, मुलगी खरं बोलतेय. या कामात डेव्हलपर, डिझायनर, विक्रीवाले यापैकी कुणीच आपल्या हाताखाली नसतं आणि सगळ्यांकडून काम मात्र करून घ्यायचं असतं. हुकूम चालत नाही, कारण द्यावं लागतं. या पदाचं मूळ बहुतेक जण साबणाच्या धंद्यात शोधतात. अमेरिकेत १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघत होते. कंपनीचाच आयव्हरी साबण पुढे असायचा, कॅमेकडे लक्ष द्यायला कुणी नव्हतं. त्यांनी वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिलं की, एकेका ब्रँडची पूर्ण जबाबदारी ठरावीक माणसांवर टाका. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५७ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्रीही. तेव्हा हाताखालच्या माणसांची काळजी सोडा.

तिला एवढंच विचारायला सांगा की, शिकवायला वर कुणी अनुभवी प्रॉडक्ट मॅनेजर आहे का. कंपनीतली या कामाची पहिलीच नेमणूक तिची असेल, तर हो म्हणण्याआधी संस्थापकांशी तासभर बोलून घेऊ दे.