पोचा पडलेलं ताट

वेंगुर्ल्याजवळच्या एका बाईंचं पत्र आलं आहे. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. थोडक्यात असं: नवरा ट्रॉलरवर खलाशी होता आणि प्यायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत तर सकाळपासूनच. सहा वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली, पुन्हा बोटीवर गेलो तर पुन्हा सुरू होईल म्हणून बोटही सोडली. आता बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे, दर गुरुवारी एसटीने ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटाच्या, बैठकीला जातो, रविवारची मिस्सा चुकवत नाही. पगार आणून हातात देतो. पण बाईंची प्रार्थना कोरडी पडली आहे. रोझरी हातात घेतली की बोटं मण्यांवरून फिरतात आणि मन जुन्या जुलै महिन्यांत. रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, फादरांनी सांगितलं, भूतकाळ प्रभूच्या पायाशी ठेवा, त्याशिवाय विश्वासात वाढ नाही. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन फ्रिजवर चिकटवून झालं: मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करून पुढील गोष्टींकडे लक्ष लावायचं. ‘मावशी, मी क्षमा केली आहे. कुमसारालाही (पापांच्या कबुलीत) सांगून झालं. मग पुढे का जाता येत नाही?’

बाय, तुझ्या चार पानांतल्या साडेतीन पानांवर मी काही बोलणार नाही. तू सोसलंस ते खरं आहे आणि ते तू चांगलं लिहिलं आहेस. जरा जास्तच चांगलं. तारखा, वार, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं, सगळं.

मी अडकले तिसऱ्या पानाच्या तळाशी. तिथे तू जाता जाता लिहितेस की एका जुलैत ‘पुन्हा सुकाच बांगडा?’ म्हणून त्याने ताट भिंतीवर फेकलं, त्याला पोचा पडला. आणि पुढे कंसात: ‘ते ताट अजून आहे, चांगलं स्टीलचं, टाकवत नाही, म्हणून त्यालाच वाढते. नीट बसत नाही, कालवण एका बाजूला जातं, म्हणून भात आधी त्या बाजूला घालते.’

कंसातली ही वाक्यं मी चहा गार होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचली.

घरात ताटं किती आहेत? पाहुण्यांसाठी डझनभर तरी असतीलच, कोकणातलं घर आहे. मग त्याच माणसापुढे तेच ताट का? दुपारचा डबा सोड, नुसती रात्रीची जेवणं मोजली तरी सहा वर्षांत दोन हजारांच्या वर होतात. दोन हजार वेळा तू त्याच्यापुढे त्याचा गुन्हा मांडलास, वर गरम भात वाढलास, आणि तो मान खाली घालून जेवला. ‘कधी काही बोलत नाही, त्यालाही सवय झाली आहे’ असं तू लिहितेस. सवय कसली? तो माणूस ए.ए.त ‘आजच्या दिवसापुरतं’ शिकतोय आणि घरी आला की त्याला रोज सात वर्षांपूर्वीचा जुलै जेवायला मिळतो.

भात आधी कुठल्या बाजूला घालायचा हे हाताला पाठ झालंय, आणि म्हणे क्षमा केली.

हे वाचून तू चिडशील. फेकलं त्याने, आणि बोलणी मला? हो, तुला. पत्र तू लिहिलं आहेस. त्याची दारू सुटली नसती, आजही हात उठत असता, तर मी ताटाबद्दल एक अक्षर लिहिलं नसतं, पोराला घेऊन माहेरी जा म्हटलं असतं. तसं नाही, हे तूच सांगतेस.

आता तुझं फ्रिजवरचं वचन. ते तू तेराव्या ओवीपासून चिकटवलंस. जरा वरून वाच. ते पत्र लिहिणारा पौल ‘मागील गोष्टी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नुसती पापं नाहीत. पाचव्या-सहाव्या ओवीत तो आपली शिदोरी उघडून दाखवतो: आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामीन वंशातला, इब्र्यांचा इब्री, परूशी, आणि शेवटी, नियमशास्त्राप्रमाणे निर्दोष. हे त्याचे गुण आहेत, बाय. प्रगतिपुस्तक आहे. आणि आठव्या ओवीत या सगळ्याला तो काय म्हणतो? केरकचरा. तुरुंगात बसून लिहितोय, आपलं निर्दोषपण उकिरड्यावर टाकतोय.

तुला सोडायचा आहे तो भूतकाळ नवऱ्याचा नाहीच. त्याने तो सोडला, बोटीसकट. त्या घरात चूक कोणाची होती याचा पुरावा तुझ्याकडे उरला आहे, स्टीलचा. तो आहे तोवर तू निर्दोष. मुलगा आता चौदा वर्षांचा आहे ना? बाबांचं ताट कुठलं, हे त्यालाही ठाऊक असणार. का, हेही.

मी काही संत नाही. माझ्या सासूबाई एका नाताळात म्हणाल्या होत्या की सूनबाईच्या नेवऱ्या तेलात फुटतात. पुढचे अकरा नाताळ मी नेवऱ्या तळताना ते वाक्य त्यांना हसत हसत ऐकवलं. हसत हसत, बरं का. बाराव्या नाताळाला त्या नव्हत्या. पुरावा जपून ठेवणाऱ्या बाईचा वास मला लांबून येतो तो असा.

तुम्ही दोघं मासळीतली माणसं, म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय काढ. रात्रभर जाळं टाकून हाती काही नाही, पहाटे सांगितल्या जागी टाकलं तर १५३ मासे. किनाऱ्यावर प्रभूने कोळशाचा विस्तव पेटवून त्यावर मासळी ठेवली आहे. कोळशाचा विस्तव का? कारण प्रभूला पकडून नेलं त्या रात्री पेत्राने ‘मी त्याचा शिष्य नाही’ म्हटलं तेव्हाही तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता, अठराव्या अध्यायात. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. त्या वासाने पेत्राच्या पोटात गोळा आला असेल. म्हणजे भूतकाळ प्रभूनेही समोर ठेवला, खोटं कशाला बोलू.

पण एकदाच. आणि आधी जेवायला घातलं, मग विचारलं. तीन नकारांना तीन प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरावर लगेच काम: माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. तिसऱ्या नकाराला आरवलेल्या कोंबड्याचा विषय निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच विस्तव पेटवून पेत्राला त्याच्याशी बसवल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

तेव्हा आता नवी नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, धरू नकोस. आणखी एक रिट्रीटही नको. भंगारवाला तुमच्या वाडीत येतो ना, त्याची हाक ऐकू आली की ते ताट उचलून त्याच्या तराजूत घाल. ‘चांगलं स्टील आहे’ हे मला सांगू नकोस, पाव-अर्धा किलोचे काय पैसे येणार ते मला माहीत आहे. मोलकरणीला देऊ नकोस, माळ्यावर टाकू नकोस, कोंबड्यांना पाणी ठेवायलाही वापरू नकोस. तुला मी ओळखते, अंगणात ठेवशील आणि येता-जाता बघशील.

त्याचा समारंभ मात्र करू नकोस. नवऱ्याला समोर बसवून, डोळ्यांत पाणी आणून, ‘आज मी तुम्हाला मोकळं केलं’ असलं काही म्हणालीस तर ताट गेलं आणि पोचा राहिला असं होईल. त्याने विचारलं, ते ताट कुठे, तर ‘भंगारात दिलं’ एवढंच म्हण आणि कालवण घ्यायला वळ. तो बहुतेक विचारणारच नाही.

पहिले काही दिवस भात वाढताना हात आपोआप त्या बाजूला जाईल. जाऊ दे. मग मध्ये वाढ.

— मावशी